पटवेगार मुलाखतीला गेला

तो शालू बाबालालनं घेतला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत ऐकताना माणसाच्या मनात शंका येते. माझ्याही मनात एकदा येऊन गेली.

बाबालाल पटवेगार आमच्या गल्लीतला. बिंदू चौकाच्या मागं माझी पिठाची गिरणी, आणि गिरणीसमोरच्या बोळात त्याचं दोन खोल्यांचं घर. त्याच्या वडिलांपर्यंत घरचा धंदा चालला होता. सोनाराकडून आलेले मणी, पुतळ्या रेशमात ओवायच्या, गाठी मारायच्या, मागं गोंडा बांधून द्यायचा. पुढं सोनारच दागिने साखळीत ओवून द्यायला लागले आणि पटवेगारांचं रेशीम पेटीत पडून राहिलं. मग वडिलांनी बाबालालला मिसरूड फुटायच्या आतच महाद्वार रोडवर गणपतराव बेडकिहाळ्यांच्या कापडदुकानात नेऊन सोडलं.

तिथंच तो वाढला. आधी पाणी भरायचा, मग गठ्ठे उचलायचा, आणि शेवटी गादीवर बसून साड्या दाखवायला लागला. त्याच्या हाताला एक चाल होती. दुसरी माणसं साडी फेकायची, हा ती पाण्यावर सोडल्यासारखी सोडायचा. पदर बरोबर बाईच्या मांडीपाशी जाऊन थांबायचा. खेड्यातनं बस्ता बांधायला आलेली माणसं पायरी चढतानाच विचारायची, "ते पटवेगार हाईत न्हवं?" गणपतराव त्याला बाबू म्हणायचे, तो त्यांना अण्णा. दिवाळीला त्यांच्या घरचं फराळाचं ताट बोळात यायचं, आणि ईदला गणपतरावांच्या मंडळी, ज्यांना सगळा महाद्वार रोड आक्का म्हणायचा, त्या शमशादकडनं शिरखुर्मा मागवून घ्यायच्या. शमशाद म्हणजे बाबालालची बायको.

एकाहत्तरच्या लग्नसराईत ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यावरनं निरोप आला. घरधनी साखर कारखान्याचे संचालक. घरात लग्न होतं आणि बायकांना दुकानात यायला वेळ नव्हता, तेव्हा चांगले शालू घरी पाठवून द्या. असा माल पसंतीला पाठवायची पद्धत होतीच. बाबालालनं गठ्ठा सायकलला बांधला आणि गेला. बायकांनी गठ्ठा आत नेला. हा व्हरांड्यात बसून राहिला. ऊन डोक्यावर आल्यावर गठ्ठा बाहेर आला, यातला एकही आवडला नाही म्हणून. त्यानं तो तसाच बांधला आणि निघाला. मोठ्या माणसांच्या दारात माल मोजायचा नाही, त्यांना तो अपमान वाटतो, हा नियम गणपतरावांचाच.

दुकानात येऊन सोडला तर एक शालू कमी.

"बंगल्यावर इचारू या की अण्णा," बाबालाल म्हणाला.

गणपतरावांनी गठ्ठा परत बांधायला घेतला. त्या घरचा सगळा बस्ता अजून व्हायचा होता, आणि कारखान्याच्या लोकांचं वर्षाचं कापडही त्यांच्याच दुकानातनं जायचं. शेवटी म्हणाले, "त्यास्नी काय म्हणून इचारू? तुमच्या घरात चोर हाय का म्हणून?"

"मग माझ्याकडं हाय म्हणताय?"

"मी काय म्हणत न्हाय, बाबू. तू उद्यापासनं येऊ नगंस."

एवढंच. पोलीस नाहीत, आरडाओरडा नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं बाबालाल पुढं म्हणायचा. चौकीत बसवलं असतं, झडती घेतली असती, काही सापडलं नसतं आणि विषय संपला असता. इथं कुणी काही म्हणालंच नाही, त्यामुळं त्याला उत्तरही देता येईना. महाद्वार रोडवर एका दुकानात शिंकलं तर दुसऱ्या दुकानात ऐकू जातं. बाबालाल ज्या दुकानात जाईल तिथला मालक त्याला चहा पाजायचा, घरच्यांची चौकशी करायचा आणि म्हणायचा, "बगू की. सध्या माणूस लागत न्हाय."

अशी सात वर्षं गेली. तो रिकामा बसला नव्हता. शाहूपुरीत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलले, उद्यमनगरात फौंड्रीवर वाळू चाळली, मंडईत रात्रीचे ट्रक उतरवले. पण चार दिवस काम आणि मग पंधरा दिवस काही नाही. घर चालायचं शमशादच्या सुईवर. ती बायकांच्या साड्यांना फॉल लावायची, वाकळा शिवायची. आणि बाबालाल, काम असो नसो, दुकानं उघडायच्या वेळेला पांढरी टोपी घालून घराबाहेर पडायचा. कुठं जायचा? पुष्कळदा माझ्या गिरणीत. धान्याच्या पोत्यावर बसून कालचा पेपर वाचायचा. गिऱ्हाईक आलं की उठून उभा राहायचा, जुनी सवय.

अठ्ठ्याहत्तर साली त्यानं माझ्याच गिरणीत ती जाहिरात वाचली. लक्ष्मीपुरीत एक सहकारी ग्राहक भांडार नव्यानं निघत होतं. कापड विभागासाठी विक्री मदतनीस पाहिजेत. मदतनीस म्हणजे ठाण आणून द्यायचं, घडी घालायची, बिलाची चिठ्ठी फाडायची. अगदी खालची जागा. त्यानं पेपर माझ्यापुढं धरला आणि बोटानं दाखवलं.

"अर्ज टाक की," मी म्हणालो.

"वय बसंल का माझं?"

"वयाचं काय लिवलेलं न्हाय."

अर्ज त्याच्या मुलीनं, सलमानं लिहिला. ती त्या वर्षी मॅट्रिक झाली होती आणि अक्षर मोत्यासारखं. पंधरा दिवसांनी भांडाराच्या फळ्यावर मुलाखतीच्या यादीत त्याचं नाव लागलं. ते बघून आला त्या दिवशी हा माणूस बोळात मला मिठी मारायचाच राहिला.

मग तयारी सुरू झाली. मी गिरणीतनं बघत होतो आणि संध्याकाळी त्यांच्या घरी चहाला जात होतो, म्हणून मला ती सगळी ठाऊक आहे.

पहिली तयारी हातांची. सात वर्षांत त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते, बोटांच्या पेरांना चिरा. शमशादनं एक रेशमी पोलका त्याच्या हातात दिला तर बोटाला धागा अडकून बाहेर आला. बाबालाल त्या धाग्याकडं बघत राहिला. "ह्या हातानं मी कापड दाखवणार," म्हणाला, "गोणपाट इकायचं असंल तर बरं हाय." शमशादनं पाणी तापवलं, त्यात त्याचे हात बुडवून ठेवले, घासायच्या दगडानं घासले आणि एरंडेल चोळलं. रोज संध्याकाळी हे चालायचं. तो मोठ्या माणसासारखा भिंतीला टेकून बसायचा आणि ती त्याचे हात मांडीवर घेऊन घासायची. पहिल्या दिवशी रक्त आलं. मुलाखत जवळ आली तसा धागा अडकायचा थांबला.

मग केस. कानशिलं पार पांढरी झाली होती. सलमानं काळा रंग आणला. लावल्यावर तो इतका काळा झाला की बोळातली पोरं हसायला लागली. शर्ट माझा होता. टेरिलीनचा, मेहुण्याच्या लग्नात घेतलेला, गिरणीवाल्याला पांढरा टेरिलीन काय कामाचा. शमशादनं तो उसवून खांद्यात आत घेतला आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री केली.

नवीन धंद्याची माहिती द्यायला जोतीराम यायचा. जोतीराम हा बाबालालच्या बरोबरीनं बेडकिहाळ्यांकडं लागलेला, अजून तिथंच असलेला. आळ आल्यावरही त्यानं येणं-जाणं सोडलं नव्हतं. उघड बोलायचा, "बाबालाल चोरी करंल? उद्या म्हणशीला पंचगंगा उलटी वाहती." मालकाच्या दुकानात बसून असं बोलणारा तो एकटाच.

"आता गादी न्हाय," जोतीराम सांगायचा. "काउंटर असतोय, मर्दा. उभं ऱ्हायचं दिवसभर. आनि भाव करायचा न्हाय. चिठ्ठीवर छापलेला भाव, त्येवडाच घ्यायचा."

"मग बोलायचं काय गिऱ्हाइकाशी?"

"काय न्हाय. दाखवायचं आनि गप ऱ्हायचं."

बाबालालला ते पटेना. तरी त्यानं सराव केला. घरातली मोठी पेटी भिंतीपासनं ओढून काउंटर केली. शमशाद गिऱ्हाईक झाली. घरात होत्या नव्हत्या त्या साड्या, चादरी, फॉल लावायला आलेली दुसऱ्यांची वस्त्रं, सगळं त्यानं मांडलं. "या वैनी," म्हणाला, आणि एक चादर अशी उलगडली की साडीच्या पदरासारखं तिचं टोक बरोबर शमशादच्या हाताशी गेलं. ती लाजली. सलमा टाळ्या वाजवायला लागली. मी त्या घरात सात वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं हसू त्या संध्याकाळी ऐकलं.

मग सलमा साहेब झाली. पेटीच्या पलीकडं बसून प्रश्न विचारायला लागली. नाव, शिक्षण, अनुभव. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारणारच होतं.

"आधीचं काम का सोडलं?"

बाबालालनं तयारी केली होती. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यावर चोरीचा आळ आला. मी चोरी केली नाही. मला विचारायचं असेल ते विचारा." असं शुद्ध, पुस्तकातल्यासारखं.

"हे सांगायची काय गरज हाय?" शमशाद म्हणाली. "घरात आजारपण हुतं म्हणून सोडलं म्हणा."

"का म्हणू? सात वर्षांत मला कुणी इचारलं न्हाय. आता इचारतील तर सांगू दे की."

"नोकरी पायजे का सांगायचं पायजे?"

"दोनी पायजे," बाबालाल म्हणाला.

मला तेव्हा कळलं की हा माणूस मुलाखतीला नुसता नोकरीसाठी चाललेला नाही. त्याला ते एक वाक्य चार माणसांसमोर, खुर्चीत बसलेल्या माणसांसमोर, बोलायचं होतं. नोकरी मिळो न मिळो. ते वाक्य तो रस्त्यानं जाता-येता पुटपुटायचा. माझ्या गिरणीच्या आवाजात तर मोठ्यानं म्हणायचा, तिथं कुणाला ऐकू जात नाही म्हणून. शमशादनं त्याला परत अडवलं नाही. ती त्यानंतर गप्पच झाली. आम्हाला वाटलं, काळजीनं.

मुलाखतीच्या दिवशी तो सकाळी निघाला तेव्हा शमशाद उंबऱ्यापर्यंत आली. "कायबी म्हणू द्यात," म्हणाली, "व्हय म्हणा. वाद घालू नका. माझी शपत हाय."

भांडाराच्या माडीवर बाकडी टाकली होती. सगळी पोरं. कुणी बी.कॉम. झालेला, कुणी कॉलेज सोडलेला, केसांचे कोंबडे काढलेले. एकानं सरकून जागा दिली आणि विचारलं, "काका, पोराला घेऊन आलाय व्हय?" बाबालाल म्हणाला, "न्हाय, मीच." पोरगा भला होता, ओशाळला.

नाव पुकारलं. आत टेबलामागं तिघं होते. मधे भांडाराचे अध्यक्ष हंबीरराव, धिप्पाड, मोठ्या आवाजाचे. एका बाजूला चष्मेवाला मॅनेजर. आणि दुसऱ्या बाजूला कापड विभागाचे जाणकार म्हणून समितीवर घेतलेले गणपतराव बेडकिहाळे.

बाबालालचे पाय दारातच थांबले.

"या पावणं, बसा," हंबीरराव म्हणाले. "कापडाच्या लाइनीत हुता काय आधी?"

"व्हय."

"कुठं?"

"महाद्वार रोडला. बेडकिहाळ्यांच्यात." तो गणपतरावांकडं न बघता म्हणाला.

"आरं तिच्या! मग ह्यांचाच माणूस की. सोडलं का?"

हाच तो प्रश्न. बाबालालनं घसा खाकरला. वाक्य जिभेवर आलं होतं, आणि ज्यानं ते ऐकायला पाहिजे तोच माणूस समोर बसला होता. यापेक्षा चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती.

गणपतरावांनी हात वर केला. "थांब, बाबू. मी सांगतो." आणि हंबीररावांकडं वळून, अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, "हंबीरराव, ह्याच्या हातनं एक चूक झालती. पोरवयापासनं माझ्याकडं हुता, हात सोन्यासारखा. पण पाय घसरला. एक शालू गेला. मी पोलिसात दिलं न्हाय. सात वर्षं ह्यो मानी माणूस काय कबूल हुईना. गेल्या आठवड्यात ह्याची बायको आमच्या घरी आली. आमच्या मंडळींच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, आक्का, आमच्या ह्यांनीच घेतलता, गरजेपायी इकला, आता पदरात घ्या. कबूल केल्यावर मागचं धरून काय बसायचं? मी म्हटलं, येऊ दे त्याला."

मॅनेजरनं चष्म्यातनं वर बघितलं. हंबीररावांचा आवाज खाली आला. "खरं हाय का पावणं?"

बाबालालनं हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. म्हणाला, "त्या टायमाला मला शालू दिसला न्हाय, अण्णा दिसला न्हाय. आक्काच्या घरच्या सोप्यात वाकलेली शमशाद दिसली. आता मी न्हाय म्हटलं तर ती खोटी पडती. त्या आक्काच्या म्होरं, सगळ्या महाद्वार रोडच्या म्होरं, माझी बायको खोटं बोलून गेली असं हुतंय. मग काय म्हणायचं मी?"

तो म्हणाला, "व्हय."

"मग माफी माग की," गणपतराव म्हणाले. "मला न्हवं, ह्या समितीम्होरं. मन हलकं हुईल."

बाबालाल खुर्चीतनं उठला. एरंडेल चोळलेले हात जोडले. "चुकलं. माफ करा."

गणपतरावांचे डोळे भरून आले होते म्हणे. मला ते खरं वाटतं. माणूस अगदी वाईट नव्हता. सात वर्षं त्याच्या मनात कुठंतरी खुपत असणार, की आपण बंगल्यावर विचारलं नाही आणि गरिबाच्या पोटावर पाय दिला. शमशादनं जाऊन कबुली दिली आणि त्याचा तो काटा निघाला. त्याला त्या घटकेपासनं खरंच वाटायला लागलं की चोरी बाबालालनंच केली होती आणि आपण मोठ्या मनानं माफ केली. ज्याच्या हातनं अन्याय झाला तो मोकळा झाला, आणि ज्याच्यावर झाला तो जन्माचा बांधला गेला.

मॅनेजरनं एक साडी पुढं टाकली. "दाखवा बरं." बाबालालनं ती उलगडली. पदर टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. हंबीरराव म्हणाले, "वा!" नोकरी मिळाली.

तो घरी आला नाही. शाहूपुरीत गुळाच्या बाजारात जाऊन हमालांच्यात बसला. माझा पांढरा शर्ट गुळानं चिकट झाला. दिवेलागणीला बोळात शिरला तेव्हा शमशादनं शिरा केला होता. जोतीराम येऊन नेमणूक झाल्याचं सांगून गेला होता. सलमानं दारातच पाण्याचा तांब्या दिला. मी गिरणी बंद करून अभिनंदन करायला गेलो आणि दाराच्या आत पाय टाकायच्या आधीच थांबलो, कारण आतनं आवाज येत होता.

"तू गेलतीस?"

"गेलते."

"ते समितीवर हाईत, तुला कुणी सांगितलं?"

"जोतीरामभाऊंनी. मीच म्हटलं, तुमास्नी सांगू नका. सांगितलं असतं तर तुमी पायरी चढला नसता."

"आनि तिथं जाऊन म्हणालीस मी घेतला म्हणून?"

"आदी मी न्हाय म्हणाले. आक्का म्हणाल्या, कबूल करत न्हाय तवर मालक मनावर घेणार न्हाईत. आत उठून जायला लागल्या. मग मी म्हणाले."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बाबालालनं विचारलं, "तुला वाटतंय मी घेतला?"

शमशादचं उत्तर मी माझ्या कानानं ऐकलं. ती म्हणाली, "सात वर्षं मी तुमास्नी ह्ये इचारलं न्हाय. तुमीबी मला आता इचारू नका."

मी तसाच मागं फिरलो. रात्री अंथरुणावर माझ्याही मनात येऊन गेलं, की बायकोच असं म्हणते, मग कुणी सांगावं? सकाळी मला माझीच लाज वाटली. पण ज्यांना लाज वाटली नाही अशी माणसं गावात पुष्कळ होती.

आळ होता तोवर निम्मं गाव त्याच्या बाजूनं होतं. आता तो कबूल झालेला चोर झाला. हंबीरराव मनानं निर्मळ, ते चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "ह्यो बगा. चुकला, कबूल केलं, सुधारला. अशी माणसं पायजेत." गणपतराव भांडारात आले की त्याला हाक मारून शेजारी उभा करायचे. भारी साड्यांचा काउंटर त्याला कधी मिळाला नाही. टॉवेल, बेडशीट, पोरांच्या चड्ड्या. साड्या नवीन पोरं दाखवायची, फेकून. संध्याकाळी सुटताना राखणदार सगळ्यांच्या पिशव्या बघायचा, बाबालालच्या पिशवीत हात घालून बघायचा.

जोतीराम यायचा बंद झाला. तो सरळ माणूस होता, त्यामुळं त्याला ते जास्त लागलं. बिंदू चौकात एकदा बाबालालनं त्याला अडवलं, तर म्हणाला, "तुझ्यापायी मी मालकाशी भांडलो रं. सात वर्षं. मला एकट्याला तरी खरं सांगायचं हुतंस." बाबालालनं त्याची वाट सोडली. काय सांगणार होता? की बायको खोटं बोलली?

सलमाला कोडोलीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, दुधाच्या संघात नोकरीला. बोलणी सुपारीपर्यंत आली आणि मग निरोप आला की मुलाच्या चुलत्यानं कोल्हापुरात चौकशी केली, सध्या राहू दे. शेवटी तिला लांब चंदगडकडं दिलं, काजूच्या व्यापाऱ्याच्या घरी. पोरगी हुशार होती, शिकली असती, शिकवायला निघाली असती. तिकडं पावसात चार-चार महिने एस.टी.चा भरवसा नसतो. जाताना ती आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पडली नाही. नुसती पाया पडली. ती कुणावर रागावली होती, मला आजवर कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र खरी, की घरात दोन वेळची चूल पेटली. शमशादनं फॉल लावायचं सोडलं. डोळे अधू झाले होते तिचे त्या कामात. ती रोज सकाळी डबा भरून द्यायची, तो घेऊन जायचा. तिच्याशी तो वाईट वागला नाही. कधी आवाज चढवला नाही. फक्त तिला नावानं हाक मारायचं त्यानं सोडलं. आधी बोळाच्या तोंडापासनं "शमशाद" म्हणून ओरडत यायचा, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. त्यानंतर दहा वर्षांत मी ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

अठ्ठ्याऐंशीत तो भांडारातनं निवृत्त झाला. हार घातला, नारळ दिला, हंबीररावांनी भाषण केलं आणि त्यात तीच गोष्ट परत सांगितली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या गिरणीत येऊन पोत्यावर बसला. गिरणी बंद होती, वीज गेली होती. त्या दिवशी त्यानं मला मुलाखतीच्या खोलीत काय झालं ते सगळं सांगितलं.

"नोकरीसाठी मी व्हय म्हणालो असं तिला वाटतंय," म्हणाला. "नोकरीसाठी म्हणालो न्हाय मी. नोकरी गेली असती तर गेली. तिला खोटं पाडायचं न्हवतं."

"मग हे तिला सांगितलंस का?"

"न्हाय."

"का?"

तो पुढ्यातल्या पोत्याचा सुटलेला सुतळीचा धागा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं तर ती म्हणंल, मग खरं काय हाय ते सांगा. आनि मी सांगणार, घेतला न्हाय. तिनं इश्वास ठेवला तर तिला कळंल तिनं काय केलं. न्हाय ठेवला तर मला कळंल माझ्या घरात कोण ऱ्हातंय. काय करायचं कळून?"

वीज आली. बाहेर एक बाई जोंधळ्याचं पोतं घेऊन उभी होती. बाबालाल उठून उभा राहिला, तिच्या डोक्यावरचं पोतं उतरून घेतलं आणि घरी जेवायला गेला.